राक्षसाचें रंगकाम

पटावरच्या खेळांतला प्लास्टिकचा राक्षस स्वस्तांत मिळतो. म्हणूनच त्यावर रंग बेफिकिरीनें थापला जातो. ज्या श्रोत्यांच्या घरीं हे खेळ शिरले आहेत त्यांना पुढचें ठाऊकच आहे. नाकडोळे बुजतात, रंग नखानें सुटतो, आणि मुलाची हौस अडगळींत जाते.

छत्रपति संभाजीनगरापासून सुमारें १०० किलोमीटरांवर अजिंठ्यास चितार्‍यांनीं खडकावर थेट रंग लाविला नाहीं. आधीं मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, मग रंग. राक्षसहि प्रथम साबणानें धुवावा, म्हणजे सांच्याचा तेलकटपणा जातो. मग अस्तर द्यावें. अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यानें पातळ करून दोन हात द्यावे. वस्त्राच्या चुण्यांत काळसर पाणी उतरूं द्यावें, उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरवावा. डोळ्यांची आखणी, गणेशमूर्तीच्या कारखान्यांतल्याप्रमाणें, अगदीं शेवटीं. त्या वेळीं मुलाला कोणी हांक मारूं नये.