हृदयविकार आणि श्रमिकाचा दिनक्रम



हृदयविकारावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयात बसून. परंतु या रोगाची मुळे जितकी शरीरात तितकीच दिनक्रमात आहेत, आणि कामगाराचा दिनक्रम हा आमचा रोजचा विषय आहे.

हा रोग गादीवर लोळणाऱ्या शेटजींचा, ही समजूत आता सोडली पाहिजे. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवरचे. पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांत हा विकार अधिक आढळला, जिने चढणाऱ्या कंडक्टरांत कमी. पुढे २००४ साली ५२ देशांतील पाहणी प्रसिद्ध झाली. पहिल्या झटक्याचा बहुतेक धोका नऊ गोष्टींशी जोडलेला दिसला. तंबाखू, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण, भाजी-फळांची वाण आणि हालचालीचा अभाव या त्यांपैकी होत. दक्षिण आशियात पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरत्र ५९व्या. म्हणजे मुलीचे लग्न आणि घराचे हप्ते बाकी असतानाच.

आता वाळूज-चिकलठाण्याकडे पाहा. रात्रपाळीत झोप उडावी म्हणून तंबाखूची चिमूट. भुकेला भजी आणि चहा. पगार पुरत नाही म्हणून जादा काम. आठवड्यास ५५ तास वा अधिक राबणाऱ्यास हृदयविकाराने मरण्याचा धोका ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा १७ टक्के अधिक, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली सांगितले. तेव्हा कामाचे तास हा नुसता मजुरीचा प्रश्न राहत नाही.

रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो कळत नाही. आणि कळला तरी कंत्राटी कामगार तो लपवितो. दाब आहे म्हटले की फाटक बंद होईल, हे भय. हे भय घालविणे संघटनेचे काम आहे: तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिच्या कागदावरून कोणाची भाकरी जाऊ नये. तंबाखू सोडणे, दिवसाचे मीठ चमचाभराच्या आत ठेवणे, रोज अर्धा तास झपझप चालणे, चालू गोळी मनाने बंद न करणे, हे मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे.

छातीवर दडपण, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ, थंड घाम, धाप. असे झाले तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन निजू नका. रोहिणीत अडकलेली गुठळी पहिल्या काही तासांत दूर झाली तर हृदयाचे स्नायू वाचतात. मराठवाड्यातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली याच शहरात निघाले; घाटीची वाट आपणांस सांगावी लागत नाही. ती वेळेवर धरावी.

येत्या आठवड्यात प्रत्येकाने आपला व घरातील बायामाणसांचाही दाब मोजून आकडा लिहून ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.