गृहकर्ज लवकर फेडताय? घरात ते नेमकं कोण फेडतंय, तेही बघा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मानखुर्दला हार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर मजेत ऐका. उभे असाल तर आधी नीट धरून उभे राहा, कारण आज आकडे आहेत.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. घरी लहान मुलं आहेत, डोक्यावर गृहकर्ज आहे, हातात थोडे पैसे उरतात. मग ते पैसे कर्जात टाकायचे की ठेवायचे? आमच्या घरी दोन मुलं आहेत, मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. वन बीएचके आहे, ट्रॉम्बेला. आणि हा वाद आमच्याकडे दर मार्चला होतो.

ट्रॉम्बेतल्या लोकांचं घराशी नातं थोडं वेगळं आहे. मी लहानाची मोठी अणुशक्तीनगरच्या क्वार्टरमध्ये झाले. झाडं, शाळा, खेळायला मैदान, सगळं होतं. पण प्रत्येक घरात एक तारीख पाठ असायची, बाबांच्या रिटायरमेंटची. त्यानंतर क्वार्टर सोडायची. तिकडे चिता कॅम्पमध्ये जुन्या माणसांना विचारलंत तर ते १९७६ साल सांगतील. भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी तेव्हा हटवली गेली आणि तिथल्या हजारो कुटुंबांना इथे आणून वसवलं. त्यामुळे ‘स्वतःच्या नावाचा कागद’ ही इथे हौसेची गोष्ट नाही. कर्ज लवकर संपवून तो कागद घरी आणावा असं वाटणं मला अगदी समजतं. माझ्या नवऱ्यालाही तेच वाटतं. त्याला कर्ज म्हटलं की झोप लागत नाही.

चला, आधी गणित बघू. सोपं व्हावं म्हणून ४० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत असं धरू. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ रुपये व्याजाला जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ६,३८० रुपयांनी. वर्षभरात तुम्ही चार लाख सोळा हजार भरता, आणि मुद्दल उतरतं जेमतेम ८० हजारांनी. स्टेटमेंट बघून पोटात गोळा येतो तो याच्यामुळेच. कोणी फसवलेलं नसतं, हप्त्याची रचनाच अशी असते. सुरुवातीला मुद्दल मोठं म्हणून व्याज मोठं.

आणि म्हणूनच लवकर भरलेला रुपया जास्त काम करतो. पहिलं वर्ष संपल्यावर एक लाख रुपये जादा भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात, तर पुढचे साधारण पावणेचौदा हप्ते वाचतात. म्हणजे एक लाख भरून पावणेपाच लाखांचे हप्ते टळले. तोच एक लाख पंधरा वर्षांनी भरलात तर जेमतेम सव्वाचार हप्ते वाचतात. म्हणून ‘मुलं मोठी झाली की बघू’ हे उत्तर महाग आहे. गंमत अशी की कर्जाची पहिली वर्षं आणि मुलांची पहिली वर्षं एकाच वेळी येतात. दोघांनाही तेव्हाच पैसा लागतो.

एकदम लाख नसतील तर दरमहा पाच हजार जादा. वीस वर्षांचं कर्ज साधारण पावणेपंधरा वर्षांत संपतं आणि जवळपास १३ लाखांचं व्याज वाचतं. वर्षाला एक हप्ता जादा भरलात, बोनसमधून म्हणा, तरी कर्ज साडेसोळा-सतरा वर्षांत आटपतं.

आता काही नियम. हे माहीत असले की बँकेत बोलताना आवाज आपोआप वाढतो.

पहिला. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँक मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेने हे २०१२ सालीच बंद केलं. फिक्स्ड दराचं कर्ज असेल तर मात्र करारातली अट वाचा, तिथे शुल्क असू शकतं.

दुसरा. रक्कम भरताना बँक विचारते, मुदत कमी करायची की हप्ता कमी करायचा? व्याज वाचवायचं तर मुदत. पण घरात बाळ येणार आहे, दोघांपैकी एकाचा पगार काही महिने थांबणार आहे, तर हप्ता कमी करून घेण्यात काही कमीपणा नाही. ऑनलाइन भरताना कुठला पर्याय आधीच निवडलेला आहे ते बघून मगच बटण दाबा.

तिसरा. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर. मे २०२२ मध्ये तो ४ टक्क्यांवरून वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ वर पोचला. ज्यांनी ७ टक्क्यांनी ४० लाख घेतले होते त्यांचा हप्ता होता ३१,०१२. दर ९.५ झाला तर ४० लाखांवरचं महिन्याचं व्याजच होतं ३१,६६७. म्हणजे अख्खा हप्ता भरूनही व्याजसुद्धा पुरं होत नाही! अशा वेळी बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवत होत्या आणि लोकांना पत्ताच नसायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे ग्राहकाला निवडू द्या. आणि दर तिमाहीला स्टेटमेंट द्या, त्यात किती मुद्दल वसूल झालं, किती व्याज, किती हप्ते उरले ते लिहा. तो ‘उरलेले हप्ते’ हा आकडा बघत जा. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

२०२५ मध्ये उलटं झालं. चार वेळा मिळून रेपो १.२५ टक्क्यांनी उतरला. इथे एक न दुखणारी युक्ती आहे. दर उतरला तरी हप्ता उतरवू नका. समजा दर ८.५ वरून ७.५ झाला. हप्ता ३२,२२४ होऊ शकतो, म्हणजे अडीच हजार हातात. पण तुम्ही जुनाच ३४,७१३ भरत राहिलात तर वीस वर्षांचं कर्ज साधारण सतरा वर्षांत संपतं. सवयीचा खर्च आहे, वेगळं काही कापावं लागत नाही.

आता दुसरी बाजू. कर्जात टाकलेला पैसा परत मागता येत नाही. बँक म्हणणार नाही की ‘ताई, बाळ आजारी आहे ना, घ्या तुमचे दीड लाख.’

मागच्या वर्षी आम्हा दोघांचा बोनस मिळून दीड लाख आले. नवरा म्हणाला, ‘सगळे कर्जात टाकू, संपवून टाकू एकदाचं.’ मी म्हटलं, ‘अरे, पावसाळा तोंडावर आहे, घरात लहान पोर आहे.’ शेवटी अर्धे कर्जात, अर्धे बाजूला असं ठरलं. जुलैत मुलाला डेंग्यू झाला, पाच दिवस हॉस्पिटल. विमा होता, पण कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरावंच लागतं. रात्री अकरा वाजता कोणाला फोन करावा लागला नाही. त्या रात्रीची शांतता कुठल्या व्याजाच्या हिशोबात बसते, सांगा.

म्हणून आमचा क्रम असा आहे. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, आणि त्या खर्चात हप्ताही धरायचा. मग आरोग्य विमा. मग दोघांचाही टर्म इन्शुरन्स, निदान कर्जाएवढा. क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा पर्सनल लोन असेल तर ते गृहकर्जाच्या आधी, कारण तिथलं व्याज कितीतरी जास्त असतं. एवढं झाल्यावर गृहकर्ज.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीशीही तुलना करा. जानेवारी २०२४ पासून तिथे ८.२ टक्के व्याज आहे, आणि ते करमुक्त. दर तिमाहीला सरकार आढावा घेतं, त्यामुळे आजचा दर बघून घ्या. तुमचं कर्ज साडेसात टक्क्यांचं असेल तर सगळा पैसा कर्जात ओतणं हे गणिताने बरोबर येत नाही. पैसे मात्र अडकतात, मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दहावी पास होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोपर्यंत, शिक्षणासाठीही काढता येत नाहीत. आणि ‘कर वाचतो म्हणून कर्ज असू द्यावं’ असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या करप्रणालीत? नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या प्रणालीत आहे, पण वर्षाला दोन लाखांपर्यंतच.

आमच्या भागात केंद्र सरकारी नोकरीतली घरं खूप, म्हणून हेही सांगते. २०१७ च्या नियमांनुसार मिळणारा घरबांधणी अग्रीम २५ लाखांपर्यंत असतो, त्यावर सरळव्याज असतं आणि आधी मुद्दल कापलं जातं, मग व्याज. हा अग्रीम आणि बँकेचं कर्ज दोन्ही असेल तर जादा पैसे बहुतेक वेळा बँकेच्या कर्जात टाकणं फायद्याचं.

इथपर्यंतचं सगळं कॅल्क्युलेटर सांगतो. आता जे तो सांगत नाही ते.

आम्ही दरमहा जादा भरतो ते पैसे येतात कुठून? एकदा मी आणि नवरा कागद घेऊन बसलो. पगार वाढला त्याचे थोडे. बाहेरचं खाणं कमी केलं त्याचे थोडे. आणि सगळ्यात मोठा आकडा होता, पाळणाघराचे वाचलेले पैसे. दोन मुलांचे मिळून महिन्याला बारा हजार. ते वाचतात कारण माझी आई सकाळी नऊ ते संध्याकाळी सात मुलं सांभाळते. आई एकसष्ट वर्षांची आहे. गुडघे दुखतात. आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद असते आणि दीड वर्षाचं पोर कडेवरून उतरत नाही.

म्हणजे आमचं कर्ज लवकर फिटत होतं ते आईच्या गुडघ्यांवर. एक्सेलच्या कुठल्याही रकान्यात आईचं नाव नव्हतं.

मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘माझं काय गं, तुमचं घर तुमच्या नावावर होऊ दे.’ क्वार्टर सोडलेली बाई ती, दुसरं काय म्हणणार? पण ‘नाही’ म्हणत नाही म्हणजे परवडतं असं नाही ना. मग आम्ही दुपारी एक ते सहा मुलांना बघायला मावशी ठेवल्या. त्यांचे सात हजार. जादा हप्ता तेवढ्याने कमी झाला. कर्ज आता तीन-चार वर्षं उशिरा संपेल. नवऱ्याने आकडा बघितला, गप्प बसला, मग म्हणाला, ‘चालेल. त्या वर्षांत आई चालती-फिरती पाहिजे.’

प्रत्येक घरात असा एक माणूस असतो. कधी आई असते. कधी रात्रपाळी घेणारा बाप असतो. कधी नोकरीवर लवकर परतलेली बाई असते, जिला खरं तर आणखी तीन महिने हवे होते. कधी ती मुलंच असतात. आमच्या मुलीचा पोहण्याचा क्लास एकदा ‘कापायच्या’ यादीत आला होता. पाच वर्षांची मुलगी दहा वर्षांनी पंधराची होईल. तेव्हा कर्ज नसेल, पण तिला पाण्याची भीती असेल, असंही होऊ शकतं. क्लास यादीतून काढला. ऋण काढून सण करू नये हे खरं, पण ऋण फेडताना सगळे सणच बंद करायचे असंही कोणी सांगितलेलं नाही.

तर या रविवारी एक काम करा. नवरा-बायको दोघांनी बसा. घरातले मोठे असतील तर त्यांनाही बोलवा. जादा भरायचा आकडा लिहा, आणि त्याच्यासमोर लिहा, हा पैसा कोणाच्या वेळेतून, कोणाच्या अंगमेहनतीतून, कोणाच्या हौसेतून येतोय. त्या माणसाला विचारा. मग आकडा पक्का करा. दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बघा, कारण मुलं वाढतात, आई-वडील थकतात, पगार बदलतात.

आणि कर्ज संपेल तेव्हाचं आत्ताच लक्षात ठेवा. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची आहेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, सोसायटीला पत्र देऊन बँकेचा बोजा काढून घ्या, आणि कागदांची यादी तपासूनच सही करा.

आजच्यापुरतं एवढंच. ज्यांचा हप्ता पाच तारखेला कापला जातो त्या मित्रमैत्रिणींना हा भाग पाठवा. पुढच्या भागात शाळेच्या फीबद्दल बोलू, तोही हप्ताच आहे एक प्रकारचा. काळजी घ्या, भेटूच!