कोटाच्या आत, कोटाच्या बाहेर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



एका व्यासपीठावरून दोघांनी मिळून एकच भाषण करण्याची प्रथा आपल्या मंडळात नाही. परंतु ‘प्रवासवर्णनपर काही बोला’ अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही उभयतांनी विचार केला की, प्रवास जोडीने झाला, त्यातून निघालेला वादही जोडीने झाला, तर भाषण तरी एकट्याच्या माथी का मारावे? लेखन एकाच्या अक्षरात आहे. दुरुस्त्या दुसऱ्याच्या आहेत.

प्रवास म्हणाल तर अवघा पंधरा किलोमीटरांचा, म्हैसूर ते श्रीरंगपट्टण. गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन आपण सारेच तेथे जातो आणि क्रमही ठरलेला असतो : सकाळी रंगनाथाचे दर्शन, मग दर्या दौलत, मग घुमट, आणि दिवे लागायच्या वेळी वृंदावन उद्यान. या धांदलीत कोट पाहायचा राहून जातो. एकतीस वर्षे आमचाही तो राहिला होता. सेवानिवृत्तीनंतर एके सकाळी, पाहुणे नाहीत, नातवंडे शाळेत, अशी संधी साधून आम्ही दशम्या व लसणाची चटणी बांधून घेतली आणि बस धरली.

आपण सह्याद्रीच्या परिसरातील माणसे. किल्ला म्हटला की प्रथम मान वर करायची आपली सवय. येथे मान वर करावी लागत नाही. कावेरीच्या दोन फाट्यांमध्ये सापडलेले बेट आणि त्याच्या पश्चिम टोकाला हा कोट. भुईकोट म्हणावा तर सभोवती नदी, जलदुर्ग म्हणावा तर आत नांदते गाव. पंधराव्या शतकात नागमंगलच्या तिम्मण्णाने तो प्रथम बांधला अशी परंपरा आहे. १६१० मध्ये राजा वोडेयर यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून तो घेतला आणि पुढे १७९९ पर्यंत म्हैसूरची राजधानी येथेच राहिली. हैदर आणि टिपू यांनी तटबंदी वाढविली, खंदक खोदले. आपल्याकडील काळ्या फत्तराऐवजी करड्या ग्रॅनाइटचे चिरे पाहताना प्रथम परके वाटते. दुपारच्या उन्हात हात लावला म्हणजे मात्र दोन्ही दगड सारखेच पोळतात.

परंतु या कोटाचे खरे बळ दगडात नव्हते. कावेरी उगम पावते कोडगूत, सह्याद्रीच्याच रांगेत. जूनमध्ये तेथे पाऊस कोसळू लागला की येथे पात्र भरते आणि वेढा घालणाऱ्याचे दिवस संपतात. त्यामुळे शत्रूने यायचे ते उन्हाळ्यात, पात्रातले खडक उघडे पडल्यावर. १७९९ साली इंग्रज शिरले तेही ४ मे रोजी, भर दुपारी, उथळ पात्र ओलांडून वायव्येकडील खिंडारातून. त्या खिंडाराजवळ आज स्मारकस्तंभ उभा आहे.

त्या स्तंभापाशीच आम्हांला एक वृद्ध गृहस्थ भेटले. प्रवाशांना कोट दाखविणे हा त्यांचा चरितार्थ. ‘याव ऊरु?’ म्हणून त्यांनी विचारले. आम्ही म्हैसूर सांगितले. आमच्या कानडीतील हेल ओळखून ते म्हणाले, ‘ते आताचे. मूळचे?’ आमच्यापैकी एकाचे घराणे मिरजेचे, दुसरीचे माहेर तासगावचे. हे सांगताच म्हातारबुवा हसले आणि नदीपलीकडे बोट दाखवून म्हणाले, ‘म्हणजे तुमची माणसे तिकडे होती. इंग्रजांबरोबर.’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर उत्तर देणे सोपे गेले असते.

आम्ही शाळेत जो इतिहास शिकलो त्यात मराठे दक्षिणेत स्वाऱ्या करीत. मोतीतलावाच्या लढाईत, मार्च १७७१ मध्ये, त्रिंबकराव पेठे यांनी हैदराचा पराभव केला, हे आम्हांला पाठ होते. हा मोतीतलाव म्हणजे आपण सहलीला जातो ते तोण्णूरचे तळे, हे मात्र ठाऊक नव्हते! विजयानंतर सैन्य लुटीत गुंतले आणि हैदराला पट्टणात पोचून सावरायला अवधी मिळाला, हेही पुढे वाचून कळले.

१७९१-९२ ची हकीकत याहून अवघड आहे. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात सहा महिने अडकून पडले होते. इकडे मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस पट्टणापाशी पोचला, लढाई जिंकला, पण पाऊस लवकर आला. बैल मेले, धान्य संपले, स्वतःच्या मोठ्या तोफा स्वतःच फोडून त्याला माघार घ्यावी लागली. त्या उपासमारीत त्याला मेलुकोटेच्या बाजूस हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा भेटल्या. मराठ्यांच्या छावणीतील बाजारात धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत सारे मिळत होते आणि भावही चढे होते! येथे आम्हांला हसू आले. आपले व्यापारी येत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हा बाजार आठवावा.

पण हसून सुटका नव्हती. त्याच १७९१ साली पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी व लमाणांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती स्थानभ्रष्ट झाली. तिच्या पुनःप्रतिष्ठेसाठी मदत पाठविली ती टिपूने. स्वामींना त्याने लिहिलेली कानडी पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांच्यामुळे उजेडात आली. टिपूचे नाव निघाले की ही पत्रे पुढे करून बाकी सारे झाकणारेही असतात. कोडगूची व मंगळूरची माणसे बंदी करून याच बेटावर आणली गेली, वोडेयर राजघराणे येथेच नजरकैदेत होते आणि मेलुकोटेचे मंड्यम अय्यंगार आपल्या परंपरेनुसार आजही नरकचतुर्दशी साजरी करीत नाहीत, हेही त्याच कोटाच्या आतले आहे. बेलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तळघरात, कैद्यांना जखडण्यासाठी भिंतीत बसविलेले दगड पाहून आम्ही दोघेही गप्प झालो.

बसमध्ये मात्र वाद पेटला. आमच्यापैकी मिरजकरांचे म्हणणे असे की, त्या काळची सैन्ये तशीच असत, पेंढाऱ्यांच्या पापाचे ओझे भाऊंवर का लादावे? तासगावकरीणबाईंनी उत्तर दिले : ‘विजय भाऊंचा आणि लूट पेंढाऱ्यांची, ही वाटणी कोणी केली?’ या उत्तरापुढे मिरज निरुत्तर झाली, हे येथे कबूल करणे भाग आहे.

मार्च १७९२ च्या तहात टिपूचे निम्मे राज्य व तीन कोटी तीस लक्ष रुपये मित्रपक्षांना मिळाले. टिपूला समूळ बुडवू नये, हे पुण्याच्या मुत्सद्द्यांना तेव्हाही कळत होते. पण १७९९ मध्ये कोट पडला तेव्हा मराठे बाजूलाच राहिले. मग पट्टणाचा कारभार कोणाकडे आला? आर्थर वेलस्लीकडे. तो दर्या दौलतीत राहत असे. १८०३ मध्ये तोच म्हैसूरच्या मुलखातून बाजीरावाला पुन्हा गादीवर बसविण्यास निघाला. बरोबर म्हैसूरचे घोडदळ, आणि तोफा ओढायला हैदर-टिपूंनी जोपासलेल्या अमृतमहालचे बैल. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, भुईकोट घेतला. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. ज्या तटाबाहेर आम्ही इंग्रजांचे सोबती म्हणून छावणी टाकली, त्याच तटाआडून अकरा वर्षांत ते आमच्यावर आले. शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टी दोन निराळ्या धड्यांत होत्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. कोटातून परतताना रंगनाथाच्या गोपुरासमोर आम्ही थांबलो. ते काही आम्ही प्रथमच पाहत नव्हतो. तासगावकरीणबाई एकाएकी म्हणाल्या, ‘अहो, आमच्या गणपतीचे गोपुर!’ तासगावचे गणपतिमंदिर परशुरामभाऊंनी बांधविले. १७७९ मध्ये काम सुरू झाले, १७९९ मध्ये पुरे झाले. ऐन कृष्णाकाठच्या मुलखात त्याला सातमजली गोपुर आहे, ते कर्नाटकातील स्वाऱ्यांत पाहिलेल्या देवळांवरून. ऋषिपंचमीच्या रथोत्सवाला लहानपणापासून त्याच्याखालून जाणाऱ्या मुलीला ते मराठीच वाटत आले, यात नवल नाही. भाऊंनी या मुलखातून आणखी काय काय नेले त्याचा हिशेब वर आलाच आहे. त्याच वहीत हेही मांडले पाहिजे.

घरी आल्यावर सातवीतल्या नातीने सारे ऐकून घेतले. तिचे शिक्षण कानडीत, जन्म म्हैसूरचा, आडनाव मिरजेचे. तिने विचारले, ‘मग आजी, आपण कोटाच्या आतले की बाहेरचे?’ आजीने पाने मांडायला घेतली. आजोबांनी चष्मा शोधला. पुढल्या रविवारी तिला घेऊन गेलो. तिने आधी नदीपलीकडे नेण्याचा हट्ट धरला, तेथून तट पाहिला, मग पुलावरून आत आली आणि म्हातारबुवांना अस्खलित कानडीत इतके प्रश्न विचारले की त्यांनी आमच्याकडून पैसे घेण्याचे नाकारले.

मंडळाची सहल फेब्रुवारीत तेथे नेण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. पात्र तेव्हा उतरलेले असते. नावे चिटणिसांकडे द्यावीत. डबा ज्याचा त्याने आणावा, आणि तासगावच्या मंडळींनी गोपुराचे छायाचित्र अवश्य बरोबर घ्यावे. म्हातारबुवांना ते दाखविण्याचे आम्ही कबूल केले आहे.