वेलीला फळ हवं, तर बांधावर फूल हवं



पनवेलच्या बाजारात काकडी, कारली विकणाऱ्या आपल्या बायकांची एक तक्रार नेहमीची. मांडव फुलांनी भरतो, पण फळ धरत नाही. मग आपण खत टाकतो, औषध मारतो, पैसे घालवतो. त्याआधी फूल नीट बघा. नुसत्या देठावरचं फूल नर, ते गळणारच. ज्याच्या मागे इवलीशी काकडी दिसते, ते मादी. तेच पिवळं पडून गळत असेल, तर अनेकदा परागकण पोचलेले नसतात. ते पोचवण्याचं काम मधमाशीचं.

काकडीचा बहर महिना-दोन महिन्यांचा. माशीला मात्र बाराही महिने पोट आहे. म्हणून बांधावर आपली टिकाऊ फुलझाडं हवीत. एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलतात.

पहिली तुळस. वाळलेल्या मंजिऱ्या हातावर चोळा, बी बारीक मातीत मिसळून वरच्यावर पसरा. खोल गाडू नका.

दुसरी पिवळी कोरांटी. पावसाळा सरला की फुलते, काट्यांमुळे कुंपणही होते. हिचं बोंड वाळलं की तडकतं आणि बी दूर उडतं. म्हणून पिकत आलेल्या बोंडांवर जुन्या लुगड्याचा तुकडा सैल बांधा.

तिसरी धायटी. उन्हाळ्यात डोंगर करपलेला असतो, तेव्हा तिची लाल फुलं मध देतात. बी धुळीसारखं बारीक, रोप करायला अवघड. आहे ती तोडू नका, वणव्यापासून जपा.

बी जूनच्या सुरुवातीला दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पेरा. पिशवीला खाली भोकं पाडा, पागोळीखाली ठेवू नका. जोराचा पाऊस ओसरला की रोपं बांधावर लावा. कोरांटी पहिल्या वर्षी फुलली नाही तर उपटू नका, आधी ती मूळ धरते.

बी आपल्या गावच्या बांधावरूनच घ्या. कर्नाळा अभयारण्यातून काही तोडून आणायला कायद्याने बंदी आहे.

आणखी एक. बांधावर तणनाशक मारलं, तर आपसूक आलेला तेरडा, कुर्डूही जातो. बांध विळ्याने साफ करा, फुलं राखा. काकडीवर फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी करा, सकाळी माशी फुलावर असते.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मूठभर बी कागदात बांधून आणा. वाटून घेऊ. एकीच्या बांधावरची माशी दुसरीच्या मांडवावरही जाते.