तालुक्याचा आकडा तालुक्याने वाचावा



पावसाळ्यात आपण पोलादपूरच्या पाहुण्यांना फोन करतो, तेव्हा सावित्री नदीला किती फूट पाणी आहे हे नंतर विचारतो. आधी विचारतो, चढतंय की उतरतंय? महाबळेश्वरचा पाऊस पोलादपूरमार्गे आपल्या महाडच्या बाजारपेठेत पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळातच दुकानातला माल माळ्यावर न्यायचा असतो. करोनाच्या काळात आम्ही काही जणांनी रुग्णसंख्येची नोंद ठेवली, ती याच प्रश्नासाठी. त्या नोंदीतून काय कळलं आणि पुढे परदेशी गेल्यावर ते अधिक पक्कं कसं झालं, हे आज मांडतो.

मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी ‘कोविड १९ इंडिया’ हे संकेतस्थळ उभं केलं. राज्यांची पत्रकं वाचायची, जिल्हावार आकडे तक्त्यात भरायचे आणि ते कुणालाही वापरता येतील असे खुले ठेवायचे, हे त्यांचं काम. ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत त्यांनी ते चालवलं. वृत्तपत्रांची आणि संशोधकांची भिस्त त्यावर होती. आमची वही त्या मानाने फार लहान. राज्याच्या पत्रकात आपल्या जिल्ह्याच्या दोन ओळी असत, रायगड आणि पनवेल महापालिका. त्या एका ‘रायगड’मध्ये उरणपासून पोलादपूरपर्यंत सगळे आले. उरणचा आकडा वाढला म्हणून पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याच्या माणसाने काय करायचं? म्हणून आम्ही जिल्ह्याच्या तालुकावार तक्त्यातून महाड आणि पोलादपूर या दोन ओळी रोज उतरवून घेऊ लागलो.

लहान तालुक्याचा आकडा फसवा असतो. २०११ च्या जनगणनेत पोलादपूर तालुक्याची लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास होती. अशा ठिकाणी एका घरातली सहा माणसं एकाच दिवशी बाधित निघाली की आलेख सरळ उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी शून्यावर येतो. त्यावर उपाय सोपा आहे. आजचा आणि मागच्या सहा दिवसांचा आकडा मिळवायचा आणि सातने भागायचं. रविवारी चाचण्या कमी होतात, सोमवारी अहवाल कमी येतात, तो चढउतार यात जिरून जातो. रुग्णसंख्येशेजारी चाचण्यांची संख्या मात्र लिहायलाच हवी. शंभर चाचण्यांत दहा बाधित आणि वीस चाचण्यांत दहा बाधित, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तळटीप वाचायची सवयही त्याच काळात लागली. १६ जून २०२० रोजी राज्याने एका दिवसात १,४०९ मृत्यू जाहीर केले आणि सगळीकडे घबराट पसरली. त्यातले १,३२८ मृत्यू आधीच्या काळातले, नोंदीतून राहून गेलेले होते. नव्याने नोंदलेले ८१. आलेखावर दिसलेला तो सुळका आजाराचा नव्हता, हिशेब जुळवल्याचा होता. याउलट १८ एप्रिल २०२१ ला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण आढळले, तो सुळका खरा होता. त्याच्या आधीचे कित्येक आठवडे सात दिवसांची सरासरी चढतच होती.

आता आपल्या घरची गोष्ट. २२ जुलै २०२१. गांधारी आणि सावित्री बाजारपेठेत शिरल्या, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलं, वीज गेली, मोबाइल बंद पडले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे माणसं गाडली गेली. अशा आठवड्यात नाकात काडी घालून घ्यायला कोण जाणार? तेव्हा तक्त्यात आकडा खाली दिसला, तर ते शून्य आजाराचं नसतं, चाचणीचं असतं. मुंबईत बसून तक्ता पाहणाऱ्याला हे कळणार नाही. चिखल उपसणाऱ्या महाडकराला ते न सांगता कळतं.

आणि हा आकडा येतो कुठून? सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. पोलादपुरातल्या डोंगरावरच्या वाडीत वर चढून जायचं, म्हाताऱ्या आजीचं बोट धरून ऑक्सिमीटरमध्ये घालायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मग वहीत लिहायचं. आमचे सगळे आलेख त्या वहीवर उभे आहेत.

जगाने मात्र निर्णय घेतले ते देशाच्या एका आकड्यावर. एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं, संयुक्त अरब अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना बंदी केली. आखातात नोकरी करणारी आपल्या तालुक्यातली माणसं सुट्टीवर येऊन इथेच अडकली. त्यांच्या गावात रुग्ण आहे की नाही, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

२७ मार्च २०२२ पासून आंतरराष्ट्रीय विमानं नियमित सुरू झाली, त्यानंतर मी लंडनला गेलो. सोहो भागात ब्रॉडविक रस्त्यावर एक हातपंप उभा आहे, दांडा नसलेला. १८५४ साली तिथे पटकीने सहाशेहून अधिक माणसं दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची नोंद घरांनुसार मांडून बोट त्या पंपाकडे दाखवलं आणि ८ सप्टेंबरला दांडा काढण्यात आला. साथ त्याआधीच ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतः लिहून ठेवलं. स्वतःच्या बाजूने न जाणारा कलही त्यांनी लपवला नाही.

त्या गोष्टीतला दुसरा माणूस मला अधिक जवळचा वाटतो. हेन्री व्हाइटहेड, त्याच वस्तीतल्या चर्चचा तरुण धर्मोपदेशक. स्नो यांचं म्हणणं खोडून काढायला तो घरोघर गेला आणि तेच खरं असल्याचं त्याला पटलं. पहिली रुग्ण एक तान्ही मुलगी असावी, तिचे लंगोट धुतलेलं पाणी पंपाच्या विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात गेलं, हा धागा त्यानेच शोधला. तो डॉक्टर नव्हता. पण घरं त्याच्या ओळखीची होती, माणसं त्याच्याशी बोलत होती. महाडच्या पुरात आम्हाला जे उमगलं, तेच तिथेही होतं. आकडा जमवायला शिस्त लागते, पण वाचायला तिथला माणूस लागतो.

करोना मागे पडला, तरी पूर ओसरल्यावर येणारा लेप्टो आणि डेंग्यू आपल्याला सोडणार नाहीत. म्हणून माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्यापासून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दर सोमवारी तीन आकडे लिहा. आठवड्यात तापाचे रुग्ण किती, चाचण्या किती, मागच्या आठवड्यात किती होते. कुणाचंही नाव लिहू नका, नाहीतर लोक ताप लपवतील. आशाताई आणि आरोग्य उपकेंद्र यांना विचारून गावातल्या दोन कॉलेजच्या मुलांनी हे काम करावं. खडू आणि फलक प्रत्येक गावात आहे. सुरुवात करायला एवढं पुरेसं आहे.