शिक्षकाची उमेदवारी

पूर्वीं कचेरींत शिरूं पाहणाऱ्या तरुणाला प्रथम कांहीं महिने बिनपगारी उमेदवारी करावी लागे. शिक्षकाच्या पेशांतहि अशी उमेदवारी असावी काय, आणि असल्यास ती कोणाच्या खर्चानें व्हावी, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या जिव्हाळ्याचा आहे.

मध्य रेल्वेच्या दिवा जंक्शनाहून एक फांटा वसईकडे जातो, दुसरा पनवेलकडे. भल्या पहाटे येथून माणसें कामाला निघतात तीं रात्रीं परततात. मागें चाळींतून मुलें राहतात. शाळा सुटल्यावर त्यांची वही पाहणारें अनेक घरांत कोणी नसतें. अशा वस्तींत अध्यापनाचें शिक्षण घेणाऱ्या एखाद्या मुलीनें संध्याकाळीं दहा मुलें घेऊन तासभर बसावें, ही मोठी सेवा होय. परंतु तींत तिचा स्वतःचा लाभहि थोडा नाहीं.

सराव-पाठ हा बहुधा सजविलेला असतो. टाचण तयार, तक्ते तयार, मागें निरीक्षक बसलेले. घंटा झाली कीं पाठ संपला. मुलाला खरोखर काय समजलें हें दुसऱ्या दिवशीं कळतें, आणि सराव-पाठाला दुसरा दिवस क्वचितच असतो. एक साधें उदाहरण घ्यावें. ४२ मधून १७ वजा करतांना पुष्कळ मुलें ३५ हें उत्तर काढतात. दोहोंतून सात जात नाहींत, म्हणून तीं सातांतूनच दोन काढतात. नवशिकी शिक्षिका पहिल्या दिवशीं तें उत्तर खोडून बरोबर उत्तर सांगते. चौथ्या दिवशीं तीच चूक पुन्हां दिसली म्हणजे ती विचार करूं लागते, दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधते आणि त्यांतील एक जुडी सोडून दाखविते. मग मूल आपण होऊन २५ म्हणतें. मुलाच्या चुकीलाहि एक तर्क असतो, हें ज्ञान तीच तीं मुलें रोज भेटल्यावांचून होत नाहीं.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाहीं. सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे घेतले होते, आणि १८४८ सालीं पुण्यांत सुरू झालेल्या मुलींच्या शाळेचें काम त्यांनीं वेतन न घेतां केलें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं काम आरंभिलें. मुलें शाळेपर्यंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. पुढें नियमांनींहि अनुभवाचें महत्त्व मानलें. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं बी.एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला व शाळेंतील कामासाठीं २० आठवडे ठरले. पहिल्या वर्षीं ४ आणि दुसऱ्या वर्षीं १६.

मात्र सेवा आणि वेठ यांत अंतर आहे. सेवा स्वखुशीची असते, वेठ लादलेली. नेमलेल्या शिक्षकाची जागा रिकामी ठेवून तेथें फुकटचा उमेदवार उभा करणें, हा मुलावर व उमेदवारावर दुहेरी अन्याय आहे. शिवाय जिला शिकवण्या करून स्वतःची फी भरावी लागते, तिला बिनमोल तास कोठून परवडणार? मग अनुभव हा केवळ सुस्थितांचाच दागिना होऊन बसेल. म्हणून तीन गोष्टी पाळाव्या. उमेदवारानें निदान एक सत्र तीच मुलें सोडूं नयेत. जुन्या शिक्षकानें आठवड्यांतून एकदां तरी शेजारीं बसून पाहावें. आणि जाण्यायेण्याचा खर्च संस्थेनें द्यावा.

ज्या घरांतून मुलगा वा मुलगी शिक्षक होऊं पाहत आहे, त्या घरानें हा तास वायां गेला असें मानूं नये. पदवी विद्यापीठ देतें. शिक्षकपण मात्र मुलेंच देतात.