अष्टपैलू पोराची पारख
(बिरसी येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



कबड्डीचे खेळाडू कसे निवडतात, असे तुम्ही नेहमी विचारता. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मंडईच्या मैदानावरची आपली पोरेही लिलावाची स्वप्ने पाहू लागली.

सर्वांत अवघड पारख अष्टपैलूची. अमेरिकन फुटबॉलमधला 'टाइट एंड' चेंडूही झेलतो आणि समोरच्याला अडवतोही. आपला अष्टपैलू तसाच. चढाईही त्याची, पकडही त्याची. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आठवा. त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद मिळवले.

मी गुण नंतर मोजतो. तीस सेकंदांत पोरगा नुसता बोनसकडे धावतो, की बचावातली फट शोधतो? दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. तेव्हा त्याचे डोके थंड राहते का? पकडीत साखळी सोडून एकटाच झेपावतो का? मातीत खेळलेला पाय मॅटवर कसा वळतो? बाद होऊन बाहेर बसल्यावरही साथीदारांना सावध करतो का?

लिलावात नाव लागते मोजक्यांचे. एक गुडघा गेला की खेळ संपतो. म्हणून प्रत्येकाला सांगतो, बारावी सोडू नको. गुरुजनहो, सामन्याच्या दिवशी हजेरी सैल धरा, परीक्षा मात्र चुकू देऊ नका. बिरसीच्या धावपट्टीवरून विमाने उडतात. उतरायलाही तीच लागते.